शेवटचा परिच्छेद

हेरंब परब भोईवाड्यात कोर्टासमोर टेबल टाकून अर्ज टाइप करून देतात. कोरं पान उघडायची त्यांना सवयच नाही. जुनी फाइल काढायची, मधला मजकूर बदलायचा आणि प्रिंट मारायची, अशी तीस वर्षांची रीत.

परवा आमदारसाहेबांचा पीए विनीत धावत आला. साहेबांच्या सरकारने करी रोडची एक चाळ पाडायला घेतली होती आणि कोर्टाने स्टे दिला होता. त्याच चाळीतल्या लोकांना संध्याकाळी सभेला आणून बसवणार होते.

"काका, भाषण टाइप करा. आम्हाला जनतेने निवडून दिलंय, ह्या जजलोकांना कोणी दिलंय, असं कडक पायजे."

परबांनी साहेबांच्या नावाची फाइल उघडली. साहेब विरोधी पक्षात होते, तेव्हा सरकारविरुद्ध त्यांनी कोर्टात केलेला तो अर्ज होता. मधला मजकूर पुसून परबांनी विनीत सांगेल तसं टाइप केलं.

सभेत साहेब शेवटच्या पानावर आले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या परबांच्या लक्षात आलं. शेवटचा परिच्छेद बदलायचा राहिला होता. साहेबांनी चष्मा सावरून तोही दणक्यात वाचला.

"सबब, आम्हां गरिबांना मायबाप कोर्टाशिवाय कोणी वाली नाही. तरी कोर्टाने न्याय द्यावा, ही नम्र विनंती."

 

अख्ख्या भाषणात चाळकऱ्यांनी पहिल्यांदाच टाळ्या वाजवल्या.