भोंग्यावरचं नाव

फेरी निघायला उशीर झाला होता आणि त्याचं कुणालाच काही नव्हतं. मलकापुरात समलिंगी आणि तृतीयपंथी मंडळींची ही दुसरीच अभिमान फेरी. मंगल कार्यालयामागच्या मैदानात नुसती धांदल उडाली होती. कुणी कुणाच्या गालाला रंग फासत होतं, कुणी गजरा माळत होतं. करिष्मा नव्या साडीच्या निऱ्या घालायची आणि मध्येच नाचायची, की निऱ्या पुन्हा सुटायच्या. इंद्रधनुष्यी झेंडा हौसेने एवढा लांब शिवला होता, की तो धरायला माणसं कमी पडत होती.

सगळ्यांत जास्त चेव गोकुळला चढला होता. मागच्या वर्षीच्या फेरीत दगड त्यालाच लागला होता. कपाळावर टाक्यांची खूण होती, तिच्यावर त्याने मुद्दाम चमकी लावली होती.

आणि नेमके अशा वेळी त्याचे वडील समोर येऊन उभे राहिले. भगवानराव, वरवट बकालहून आलेले. कापसाची गाडी मार्केटात लावून थेट इकडे. चेहऱ्यावर बारा वाजलेले.

"चाल घरी."

"बाबा, फेरी हाये."

"माहीत हाये, म्हनूनच आलो. चौकात पोट्टे उभे हायेत गोटे घेऊन. मी या डोयानं पाहून आलो. नाचाचं त घरात नाच. कोन मना केलं?"

"घरात त जनमभर नाचून राह्यलो, बाबा. दार लावून."

भगवानराव नुसते त्याच्या कपाळाकडे बघत राहिले.

चौकातली बातमी तोवर सगळीकडे पसरली होती. कुणीतरी म्हणालं, इथंच मैदानात नाचू, गाणी म्हणू आणि घरी जाऊ. झेंडा तोच, माणसं तीच, बिघडलं कुठं? काही माना डोलल्या. यात खोटं काहीच नव्हतं, भीती सगळ्यांनाच वाटत होती. फेरीची सगळी जमवाजमव करणारी सुवर्णा ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "यंदा मैदानात नाचलो त पुढच्या साली खोलीत नाचा लागन. ज्याले रहाचं त्यानं राहा. माया राग नाई."

"मी चाललो," गोकुळ म्हणाला.

एवढंच, पण त्यावर जी शिट्टी पडली! दयारामच्या बँडने ठेका धरला आणि झेंडा फडफडत रस्त्यावर आला. माड्यांवर बाया जमल्या, चहाच्या टपऱ्या रिकाम्या झाल्या, लहान पोरं लग्न समजून पुढे नाचायला धावली. गोकुळच्या अंगात तर वारं शिरलं होतं. भगवानराव रस्त्याच्या कडेने, दुपट्ट्यात अर्धं तोंड लपवून, आपला यांच्याशी काही संबंध नाही अशा बेताने चालत होते. पण नजर पोरावरून हलत नव्हती.

मार्केटसमोरचा चौक आला. गोटे घेतलेली पोरं खरंच उभी होती.

दयारामने हात वर केला आणि बँड थांबला. "याच्या पुढं नाई, सुवर्णाताई. ढोल फुटला त लग्नसराईत मी काय वाजवू?"

सगळे जागच्या जागी थबकले. झेंडा जमिनीला टेकला. थांबला नाही तो एकटा गोकुळ. वाजंत्री नाही, गाणं नाही आणि हा भर रस्त्यात नाचतोय. समोरची पोरं हसायला लागली. एकाचा हात वर झाला.

तेवढ्यात भगवानराव कडेवरून मध्ये आले. त्यांनी खिशातून दहाची नोट काढली, पोराच्या डोक्यावरून ओवाळली आणि दयारामसमोर धरली.

दयाराम पेचात पडला. आपल्याकडे नाचणाऱ्यावरून नोट ओवाळली की बँडवाल्याला वाजवावंच लागतं. त्याने ती नाकारली, तर पुढच्या लग्नाला त्याला कुणी बोलावत नाही. आणि नोट कुणाची, कुणासाठी, हे भोंग्यावर पुकारावं लागतं, तोही रिवाजच. त्याने बँडच्या गाडीवरच्या भोंग्याचा माइक पुढे केला.

"नाव सांगा लागते, काका. कोनाकडून, कोनासाठी?"

भगवानरावांनी मान वळवून पाहिलं. भोवती सगळं मार्केट उभं होतं. त्यांचा कापूस घेणारे अडते, हमाल, आजूबाजूच्या गावांचे शेतकरी, सोयरे. इथे बोललेलं दिवेलागणीच्या आत वरवटला पोचणार होतं.

गोकुळ आता कुठे थांबला. धापा टाकत म्हणाला, "राहू द्या, बाबा. तुमी जा घरी."

भगवानरावांनी दुपट्टा तोंडावरून काढला आणि माइक हातात घेतला. जन्मात कधी धरला नव्हता. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसे ते ओरडले, आणि भोंगा किंचाळला.

"भगवानराव, वरवट बकाल! हा माया पोरगा हाये, गोकुळ! त्याच्यासाठी हाये! वाजव बे!"

ढोलावर काठी पडली. करिष्मा किंचाळत निऱ्यांसकट उडाली, सुवर्णा रडत रडत हसत होती, आणि गोकुळ नाचायचं विसरून बापाकडे बघत उभा होता. फेरी हलली. भगवानराव सगळ्यांच्या पुढे होते. पावलं समोरच्या पोरांच्या दिशेनेच पडत होती.

समोरच्या पोरांत वरवटचाच एक होता. त्याने भगवानरावांना ओळखलं आणि मोठ्या माणसासमोर विडी लपवावी तसा हातातला गोटा पाठीमागे नेला.