बार्बाडोसची कानटोपी

“अगं, तो वेगवान गोलंदाज आहे, बाळंतीण नव्हे!” इंग्लंडमधल्या एप्रिलच्या गारठ्यात, सीमारेषेवर कुडकुडणाऱ्या, त्यांच्या काउंटी क्लबकडून खेळायला आलेल्या बार्बाडोसच्या खेळाडूला कुमुदने स्वतः विणलेली हिरवी कानटोपी दिली, तेव्हा मधुसूदनराव लाजेने ओरडले होते. त्याने मात्र ती दोन्ही हातांनी घेतली, कानांवर ओढली आणि चहापानानंतर समोरचा निम्मा संघ एकट्याने गुंडाळला. उभी हयात काउंटी सामने बघण्यात घालवलेले मधुसूदनराव त्या दिवशी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होते.

आता हिवाळा. मैदानाला कुलूप, नुसत्या बातम्यांवर दिवस काढायचे. कुठला तरी बडा संघ त्याला ओढतोय म्हणे.

“जाणारच तो. आपल्याकडे आहे काय? पाऊस आणि चार म्हातारे!” मधुसूदनराव रोज चहाबरोबर चरफडत.

आज क्लबने फोटो टाकला. पुढच्या मोसमालाही तोच येणार होता. मागे निळा समुद्र, रणरणतं ऊन, घामाने डबडबलेला तो हसत होता आणि डोक्यावर तीच कानटोपी.

मधुसूदनरावांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग उगाचच खाकरून त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली,

“कुमुद, लोकर काढ. तुझी बाळंतीण परत येतेय.”