रिकामा चौथरा

संग्रहालयातल्या दोन हजार वर्षांच्या समाधीशिळेवर एक हसरा चेहरा कोरलेला होता. रोज अकराच्या ठोक्याला एक आजी यायच्या आणि समोरच्या बाकावर बसून त्या चेहऱ्याला घरचं सगळं सांगायच्या.

"थेट आमचे हेच हो, दादा," त्या पहारेकऱ्याला म्हणायच्या. "मी औषध आणायला खाली गेले, तेवढ्यात यांनी डोळे मिटले. शेवटचा शब्दसुद्धा कानी पडला नाही."

पहारेकऱ्याला आधी हसू यायचं. पुढेपुढे मात्र अकरा वाजता त्या बाकावर तो दुसऱ्या कुणाला टेकूही देईना.

काल संध्याकाळी शिळा खोक्यात भरून तिच्या मूळ देशी कायमची रवाना झाली. आजींसाठी एक दिवस थांबा, म्हणून पहारेकऱ्याने साहेबांना विनवून पाहिलं. पण दगडाला एकवेळ पाझर फुटेल, साहेबांना फुटला नाही.

आज आजी रिकाम्या चौथऱ्यासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. पहारेकरी खाली मान घालून म्हणाला, "माझ्या हातात काही नव्हतं, आजी."

 

"तुम्ही जवळ होतात ना, दादा? जाताना काही म्हणाले का हो?"