धाकट्याचं कुलूप

मुली झाल्याचा फोन आला तेव्हा तो धाकट्याला कुलूप घालायला बसला होता.

धाकटा म्हणजे कंपनीचा सगळ्यात स्वस्त फोन. त्याच्यावर मधला, आणि सगळ्यांवर थोरला, दुप्पट किमतीचा. आता घरातली गोष्ट घरातच राहू द्या, पण तिघांचा मेंदू, म्हणजे आतली चिप, एकच. तीन वेगळे मेंदू बनवणं महाग पडतं. एकच बनवायचा आणि दोघांना सॉफ्टवेअरचं कुलूप घालायचं, हे स्वस्त. मग थोरला मोकळा पळतो, मधला जरा दमाने चालतो आणि धाकटा धापा टाकतो. फरक दिसला नाही तर दुप्पट पैसे कोण देईल? आठ वर्षं तो हेच करत होता. चांगल्या फोनचे पाय बांधायचे आणि महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. ऑफिसात सगळे त्याला कुलूपवाला म्हणत.

काम अर्धवट टाकून स्वारी निघाली. लिफ्टची वाट न बघता सात मजले उतरली. आभाळ ठेंगणं झालं होतं. हॉस्पिटलच्या दारात रखवालदार "कार्ड दाखवा" म्हणाला, तर याने त्यालाच मिठी मारली.

नर्सने दोन गाठोडी पुढे केली. "ही थोरली. आणि ही धाकटी, चार मिनिटांनी."

तो कितीतरी वेळ एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. नाकं तीच, मुठी तशाच, रडण्याचा सूरसुद्धा एकच.

"काय बघताय एवढं?" बायकोने थकल्या आवाजात विचारलं.

"फरक शोधतोय."

"सापडला?"

"छे!" तो म्हणाला, आणि स्वतःच रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला एक वाजेपर्यंत कुलपांची फाईल हवी होती. त्याने मजलाभर चॉकलेटं वाटली. प्रत्येकाला धरून दोन फोटो दाखवले. हा एकच फोटो दोनदा दाखवतोय, असं लोकांना वाटलं. पावणेएकला तो खुर्चीत बसला. मधल्याचं कुलूप आधीच घालून झालं होतं. धाकट्याची एक ओळ तेवढी लिहायची होती. हात काही चालेना. मागून आला, एवढाच ना बिचाऱ्याचा गुन्हा?

"आज माझ्याच्याने कुणाचं काही कमी करवणार नाही," तो स्क्रीनला म्हणाला. फाईल तशीच पाठवून दिली आणि शीळ घालत हॉस्पिटलला गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर आला. दोन पाळणे, दोन रजया, बायकोची बिनपगारी रजा आणि याचा एकट्याचा पगार. कारखान्यातून आलेले नमुन्याचे फोन तपासनीस बाईंच्या टेबलावर पोचले होते. त्यांची सही झाली की लाखभर फोन बाजारात जाणार. आणि बाई तर डोळ्यांत तेल घालून तपासणाऱ्या.

अकराला त्या आल्याच. हातात धाकटा.

"कुलूपवाले, हा धावतोय."

 त्याने जे खरं होतं ते सांगून टाकलं. "मॅडम, मला जुळ्या मुली झाल्या."

बाईंनी हात पुढे केला. त्याने फोटो दाखवला. त्यांनी तो जवळ घेऊन पाहिला, लांब धरून पाहिला.

"धाकटी कुठली यातली?"

"ते... बायकोला विचारून सांगतो."

बाई खो खो हसल्या. हसता हसता खुर्ची ओढून बसल्या आणि कागदावर 'ठरल्याप्रमाणे संथ' असं छापलं होतं, त्याच्याखाली झोकात सही केली.

आता तोच घाबरला. "अहो मॅडम, पकडलं गेलं तर दोघांचीही नोकरी जाईल!"

"कोण पकडणार?" बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मागच्या वर्षी मधल्याचं कुलूप तुम्ही चक्क विसरला होतात. त्या दिवशी माझ्या पोराने पहिलं पाऊल टाकलं होतं, मीही दिली सही ठोकून. वर्ष झालं. थोरला घेणारे अजून दुप्पट पैसे मोजतात, आणि वर मधला घेणाऱ्याला सांगतात, 'तुझा जरा अडखळतो, नाही का रे?'"