हिंदुरावांची वाचा

बदलापूरच्या हिंदुरावांची वाचा लकव्याने गेली, तेव्हा लेकाने जमिनीचा तुकडा विकून त्यांना उल्हासनगरच्या एका स्टेम सेलवाल्या डॉक्टरकडे नेलं. सुयांवर सुया झाल्या, फरक दिसेना. घरी बनूबाई मात्र नवऱ्याला रोज समोर बसवून एकेक अक्षर म्हणायला लावायच्या.

शेवटच्या सुईनंतर डॉक्टरने व्हिडिओ काढायला मोबाइल समोर धरला. "काका, सांगा बघू, मी कोण?"

हिंदुरावांची मान थरथरली, ओठ वाकडे झाले, आणि कित्येक महिन्यांनी शब्द स्पष्ट बाहेर पडला.

"चोर."

सोबत आलेल्या बनूबाईंना हसावं की रडावं तेच कळेना.



दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या जाहिरातीत हिंदुरावांचे ओठ हलताना दिसले. खाली लिहिलं होतं 'मेंदूला नवसंजीवनी', आणि आवाजाच्या जागी बासरी वाजत होती.