पांढरी किनार

बाळापूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. करिश्मा तिच्या लग्नातला चुलत भावंडांसोबतचा फोटो घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, यात योगेशले उभं करून द्या. आईले फ्रेम द्याची हाये."

योगेश तिचा भाऊ. बापाशी भांडून चार वर्षांपूर्वी घरातून गेला, तो परत आलाच नाही. बहिणीच्या लग्नालाही नाही.

त्याचा जुना फोटो चुन्याच्या भिंतीसमोर काढलेला होता. तो कापून लग्नाच्या फोटोत ठेवला, की केसांभोवती आणि खांद्यांभोवती त्या भिंतीची पांढरी किनार दिसायची. माणूस वरून चिकटवलेला वाटायचा. करिश्मालाही तो पहिला नमुना दाखवला, तिलाही तसंच वाटलं. दोन दिवस बसून मी ती किनार पुसली, एकेक केस मोकळा केला, मांडवाचा पिवळा उजेड त्याच्या गालावर आणला.

करिश्मा फोटोकडे बघतच राहिली. "आलाच होता असं वाटते," म्हणाली.

आठ दिवसांनी ती फ्रेम घेऊन परत आली.

"दादा, ती पांढरी किनार होती तशी करून द्या."

"काहून? काही चुकलं का?"

"नाई. हे कॉम्प्युटरवर केलं हाये, असं आईले सांगून सांगून थकली मी. ते ऐकूनच नाई राहिली."

मी कॉम्प्युटर सुरू केला. ती भिंतीकडे पाहत बोलली.



"म्हणते, लेकरू मांडवापर्यंत आलं, अन् मले न भेटताच गेलं."