पंखावरची फळी
"अरे, पंखावरची एक फळी वर आलीय," खिडकीशी बसलेली आई म्हणाली. विमान त्याच बाजूला कलत होतं. या फळ्या विमान उतरल्यावर उभ्या राहतात, पंखांची उचल मोडून भार चाकांवर आणतात. हवेत एखादी उघडली, तर त्या बाजूचा पंख खचतो. सकाळी दुरुस्तीसाठी हीच फळी मी चावीने मोकळी केली होती. काम झाल्यावर चावी उलटी फिरवून फळी जखडायची असते. तेवढ्यात आईचा फोन आला, "आटप रे, विमान चुकेल!" "अगं, त्याच्याच पंखावर उभा आहे." हसत मी तसाच उतरलो. आता पट्ट्याखालून कसाबसा खिसा चाचपला. लाल रिबिनीची चावी हाताला लागली. बटण दाबताच पांढरीफटक हवाईसुंदरी धडपडत आली. "घाबरू नकोस गं पोरी," आई म्हणाली, "हे विमान माझ्या लेकानंच तपासलंय." मी दोघींसमोर मूठ उघडली.